विरोधात एक

पुण्याहून आलेले पत्र मी तीनदा वाचले. एकदा दारात उभ्यानेच, एकदा चष्मा पुसून, आणि तिसऱ्यांदा काशीरामदादांना मोठ्याने.

पत्र ‘वास्तुराखण संघा’चे होते. जुन्या इमारती वाचवायला धडपडणारी गावोगावची छोटी मंडळे या संघाची सभासद असतात. सभासद झाले की संघाचा अभियंता येऊन भिंती पाहून जातो, चुन्यात काम करणाऱ्या गवंड्यांचे पत्ते मिळतात, अडल्यानडल्याला दुसऱ्या गावचे मंडळ मदतीला येते, आणि एक शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळते. आम्हाला घाई होती ती प्रमाणपत्राची.

बंदरवाडीच्या धक्क्याला लागून आमची धर्मशाळा आहे. मुंबईची आगबोट चालू होती तेव्हा माणसे तिथे बसून तिची वाट पाहत. जांभ्याच्या भिंती, वर कौले, पुढे खाडीकडे तोंड करून लांब पडवी. पंचायतीने ती पाडून तिथे पत्र्याची शेड घालायचे ठरवले होते. सरपंच तसे सरळ होते. एखाद्या मोठ्या संस्थेने एकतीस मार्चपर्यंत तुमच्या मंडळाला आपले म्हटले तर तीन वर्षे धर्मशाळेला हात लावणार नाही, असे त्यांनी लिहून दिले होते. नाही म्हटले तर एक एप्रिलला जेसीबी. तो त्यांनी सांगूनही ठेवला होता.

संघाने लिहिले होते की आमचा अर्ज उत्तम आहे. मात्र सोबत जोडलेल्या अठरा सभांच्या इतिवृत्तांत एकाही ठरावाला एकही विरोधी मत नाही. खऱ्या चालत्या मंडळात असे सहसा घडत नाही. तेव्हा सभा प्रत्यक्षात होतात याची खात्री पटल्याशिवाय सभासदत्व देता येणार नाही.

“म्हंजे आपण भांडत नाय म्हणून आपण खोटे?” काशीरामदादांनी विचारले. ते मंडळाचे अध्यक्ष आणि गावचे गावकर. देवळातले गाऱ्हाणे तेच घालतात.

मी चिटणीस. रत्नागिरीच्या कॉलेजात एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. परीक्षानळीत जे दिसले तेच वहीत लिहा, पुस्तकात दिलेय ते नको, हे सांगण्यात माझी नोकरी संपली. इतिवृत्ताच्या वहीतही मी एक अक्षर खोटे लिहिले नव्हते. अठरा सभा झाल्या होत्या आणि अठराही वेळा सगळे हो म्हणाले होते.

त्याचे कारण आमची पद्धत. सभा देवळात भरते. मी ठराव वाचते, आणि मग काशीरामदादा नारळ हातात घेऊन तो ठराव गाऱ्हाण्यात घालतात. “बा देवा म्हाराजा, आज या रयतेनं धर्मशाळेसाठी शिंपल्यांचा चुना आणायचा योजला हाय, हातखंब्यावरनं टेम्पो सांगितला हाय, तो वेळेवर येऊ दे रे म्हाराजा.” त्यावर सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” देवासमोर नाही कोण म्हणणार?

याचा अर्थ भांडणे होत नाहीत असा नाही. सभेच्या आधीचा आठवडाभर काशीरामदादा रोज सकाळी काठी घेऊन घरोघर फिरतात. जी काय बाचाबाची व्हायची ती अंगणात होते. चुना की सिमेंट या प्रश्नावर जानू खोताच्या अंगणात तीन दिवस वाद चालला आणि चौथ्या दिवशी जानूच्या म्हशीपर्यंत गेला. सभेत येईपर्यंत सगळे मिटलेले असते.

मी हे सर्व संघाला सविस्तर कळवले. आठवड्यात उत्तर आले. ‘माहिती रोचक वाटली. अंगणातल्या चर्चांची इतिवृत्ते असल्यास पाठवावीत.’

ती नव्हती, आणि असती तरी पाठवता आली नसती. जानूने चुन्याबद्दल काढलेले उद्गार शिक्क्याच्या कागदावर शोभण्यासारखे नव्हते. पत्राच्या शेवटी असेही होते की आमची सभा पाहायला संघाच्या प्रतिनिधी बावीस मार्चला येतील.

दादांना यात अवघड काही दिसेना. एकाला विरोधाला उभा करायचा, तो विरोध करील, बाईंनी लिहायचे. मी म्हटले, हे बनावट आहे. ते म्हणाले, बनावट कसे? माणूस खरा, हात खरा, वर केलेला खरा. प्रयोगशाळेत आम्हीही काही गोष्टी मुद्दाम घडवून आणतोच, असे मी स्वतःला सांगितले आणि तयार झाले.

पहिला मान जानूला मिळाला. तालीम माझ्या ओटीवर झाली. जानू उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, “माझा या ठरावाला विरोध हाय. तसा काय नाय म्हणा.” दादांनी त्याला जरा रागाने बोल म्हणून सांगितले. त्याने तेच वाक्य रागाने म्हटले. शिंप्याचा सर्वेश मुंबईला युनियनमध्ये होता म्हणून त्याला उभे केले, तर तो ठराव सोडून मालकाविरुद्धच बोलू लागला. आता कोण, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तेवढ्यात भागूबाई मासळीची टोपली उतरवायला माझ्या पायरीशी आली.

भागूबाई भल्या पहाटे मिरकरवाड्याच्या लिलावाला जाते आणि दहाच्या सुमाराला येऊन धर्मशाळेच्या पडवीत बसते. तिची आईही तिथेच बसायची. मंडळाची सभासद आहे, प्रत्येक सभेला येते, मागे बसते आणि सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हणते. तिच्या जिभेबद्दल सांगायचे तर, धक्क्यावर होडी लावणारे तिच्यापासून चार हात दूर लावतात.

दादांनी तिला काम समजावून सांगितले.

“उलटं बोलायचं?” तिने विचारले. “देवळात?”

“देवळात नाय. सभा धर्मशाळेतच घेऊ. देव नाय तिथं.”

“आणि काय बोलायचं?”

“तुला काय सुचेल ता. ठरावाच्या विरुद्ध असला म्हंजे झालं.”

तिने पापलेटाचा कल्ला उचलून मला आतला लाल रंग दाखवला, मी पाव किलो म्हटले, आणि ती जाता जाता म्हणाली की ठराव काय आहे तो तिला आधी नीट वाचून दाखवा. मी वाचून दाखवला. धर्मशाळेच्या दुरुस्तीचा तो पूर्ण आराखडा होता, एकूण सात पाने. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. पाचव्या पानावर तिने एकदा परत वाचायला सांगितले. माझ्या मनात आले, भूमिका समजून घेतेय.

बावीस मार्चला संघाच्या प्रतिनिधी आल्या. मनस्वी नाव, वय तिशीच्या आतबाहेर, वास्तुविशारद. आल्या आल्या त्यांनी भिंतीतली थोडी माती नखाने कुरतडून पाहिली आणि माझ्याकडे पाहून हसल्या, तेव्हा मला त्या आवडल्या. सतरा सभासद पडवीत बसले. सरपंचही येऊन खांबाला टेकून उभे राहिले.

दादांनी सवयीने नारळ उचलला. “बा देवा म्हाराजा,” त्यांनी सुरू केले आणि सगळ्यांची तोंडे उघडली. मी खोकले. दादांनी नारळ खाली ठेवला, त्याच्याकडे जरा खेदाने पाहिले आणि म्हणाले, “सभेला सुरवात झाली.”

मी आराखड्याचा ठराव वाचला. कोणाला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. सगळ्यांनी एकदम भागूबाईकडे पाहिले. इतक्या एकदम की मनस्वीनेही पाहिले.

भागूबाई पदर खोचून उभी राहिली.

“पान पाच,” ती म्हणाली. “बाई, वाचा.”

मी वाचले. ‘पडवी : प्रदर्शन दालन. धर्मशाळेचा इतिहास सांगणारे सचित्र फलक. बैठे विक्रेते हटवून जागा मोकळी करणे.’

“बैठे विक्रेते किती हायत?”

मी म्हटले, एक.

“नाव काय तिचा?”

दादांनी मला डोळ्यांनी विचारले की हे ठरल्याप्रमाणेच चालले आहे ना. मला ते माहीत नव्हते.

“फळ्यावर काय लिवणार?” भागूबाईने विचारले. “हितं लोकं बसायची, आगबोटीची वाट बघायची, कोळणी मासे विकायच्या. असंच ना? बसलेलीला उठवायची, आणि हितं ती बसायची म्हणून फळा लावायचा. माझ्या आयचा फोटूपण लावाल. ती जिती असती तर तिलापण हटवून लावला असतात.”

जानू म्हणाला, “भागू, अगो, खोटं खोटं बोलायचं होता.” आणि मग मनस्वीकडे पाहून त्याने तोंडावर हात ठेवला.

दादा उठले. ते चिडले नव्हते, दुखावले होते. हा आराखडा घेऊन ते घरोघर गेले होते, दोन वेळा. तिचे काही म्हणणे होते तर अंगणात का नाही सांगितले?

“तुमी कधी येता, दादा?”

“सकाळी. साताठला.”

“साताठला मी खंय असते?”

अठरा सभांच्या आधी अठरा वेळा ते तिच्या अंगणात गेले होते आणि अठराही वेळा सुनेने सांगितले होते की आय लिलावाला गेली. मग ते सुनेलाच सगळे सांगून पुढे जात. सून शहाणी. ती कोणाशीच वाद घालत नाही.

राहता राहिले पान पाच. ते वाक्य माझे होते, पण खरे सांगायचे तर माझेही नव्हते. संघाच्या अर्जासोबत एक नमुना जोडलेला होता, कसे भरावे ते दाखवायला. ‘लोकोपयोगी वापर’ या रकान्यात त्यात लिहिले होते : प्रदर्शन दालन. बैठे विक्रेते हटवून जागा मोकळी करणे. मी ते जसेच्या तसे उतरवले होते. समोर रोज पडवीत भागूबाई दिसत असताना मी पुस्तकात दिलेले लिहिले होते. मी हे सभेला सांगितले. मनस्वीने मान खाली घालून आपल्या वहीत काहीतरी लिहिले.

“मतं घ्या,” भागूबाई म्हणाली.

दादांनी घेतली. बाजूने चार हात वर झाले, तेही अर्धे. विरोधात बारा. मी कुठेच हात वर केला नाही. आमच्या वहीत तटस्थ असा रकाना नव्हता, तो मी पट्टीने आखला आणि त्यात एक लिहिले.

ठराव पडला. मंडळाच्या इतिहासात पहिला, तोही नऊ दिवस उरले असताना. आराखड्याशिवाय अर्ज अपुरा, आणि अपुऱ्या अर्जाला प्रमाणपत्र नाही, हे मला पाठ होते. सरपंचांनी खिशातून फोन काढला. जेसीबीवाल्याचा नंबर शोधत असतील असे मला वाटले. बहुतेक ते नुसती वेळ पाहत होते, पण मला तेव्हा तसे वाटले खरे.

“दुरुस्ती सुचवता येते,” मनस्वी हळूच म्हणाली. दादांना वाटले ती भिंतीबद्दल बोलतेय. मी समजावले की ठरावाचीही दुरुस्ती करता येते. पान पाचवरची ओळ खोडायची आणि दुसरी लिहायची. काय लिहायचे यावर मग जे झाले ते आमच्या धक्क्याने पूर्वी पाहिले नसेल. सतरा माणसे, देवाच्या भीतीविना, अंगणात नसताना, एकाच वेळी बोलत होती. जानूने चुन्याचा विषय पुन्हा काढला. म्हशीचाही निघाला. फलक आतल्या खोलीत लावावे असे कोणी म्हणाले, तर ओलीने कागद कुजतील असे कोणी म्हणाले, आणि मासळीच्या पाण्याला वेगळी मोरी हवी असे भागूबाई म्हणाली. मी भराभर लिहीत होते. चार पाने झाली. मनस्वीच्या चेहऱ्यावरून तिला सभा प्रत्यक्षात होत असल्याची खात्री पटत असावी असे वाटत होते.

शेवटी ओळ ठरली. ‘पडवी : बसण्यासाठी. मासळीविक्री पूर्वीप्रमाणे. मोरी नवी.’

दादांनी पुन्हा मते घेतली. एकेक करत हात वर गेले. माझाही गेला. सोळा मोजले. मग विरोधात कोण, असे केवळ रीत म्हणून विचारले, आणि भागूबाईने हात वर केला.

“अगो, तुझंच तर सगळं मान्य झालं,” दादा म्हणाले.

“झालं ना. पण मना विरोधाला नेमलाय.” तिने हात तसाच ठेवला. “किलोचा सौदा केला की मी नऊशे ग्रॅम नाय देत.”

मी लिहिले : बाजूने सोळा, विरोधात एक. मनस्वीने वही मागून घेतली, ती ओळ पाहिली आणि खाली सही केली. निघताना तिने भागूबाईकडून अर्धा किलो सुरमई घेतली. पुण्यापर्यंत टिकणार नाही, असे मी म्हटले. टिकेल, असे भागूबाई म्हणाली आणि बर्फ घातला.

प्रमाणपत्र अठ्ठावीस मार्चला आले. सोबत चिठ्ठी होती की अर्जाच्या नमुन्यातला पाचव्या पानाचा मजकूर संघाने बदलला आहे. सरपंचांनी जेसीबी सावर्ड्याकडच्या कुठल्या कामावर पाठवून दिला.

दादा आता फेरीला संध्याकाळी निघतात आणि भागूबाईच्या अंगणातून सुरुवात करतात. तिथून ते पुढे जातातच असे नाही. गेल्या सोमवारी आवाज माझ्या ओटीपर्यंत येत होता. दिवेलागणीला दादा काठी टेकत आले, पायरीवर बसले, पाणी प्यायले.

“मोरी पूर्वेला काढायची म्हणते,” ते म्हणाले. “बाई, ही आता दर सभेला अशीच करणार काय?”

मी म्हटले, तिला नेमले आपणच. मोकळी करायची तर तसा ठराव आणावा लागेल.

दादांनी काठी उचलली. “नको,” ते म्हणाले. “त्यालापण ती विरोध करील.”