एकविसावा सिपारा

जियारतीच्या दुपारी रिदानं जे केलं ते पंचवीस-तीस बायकांच्या देखत केलं, आणि एकीनंही हटकलं नाही.

अब्बांना जाऊन तिसरा दिवस, म्हणून जियारत. दूधबाजारामागच्या त्यांच्या दोन खोल्यांतलं सामान भिंतीकडे सरकवून पांढरी चादर अंथरली होती. चादरीच्या एका टोकाला लाकडी पेटी, पेटीत तीस सिपारे. अल्लाहच्या कलामाचे तीस भाग, प्रत्येकाची वेगळी पातळ पुस्तिका. येणाऱ्या प्रत्येकीनं एक उचलायचा आणि वाचून झाला की चादरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. तीसच्या तीस पलीकडे गेले की खतम पुरा. मग दुआ मागायची आणि वाचनाचा सवाब, त्याचं पुण्य, गेलेल्या माणसाला बक्षायचं. एकटीला जे वाचायला दोन-तीन दिवस लागतील, ते सगळ्या मिळून पाऊण तासात संपवतात.

रिदाच्या हाती एकविसावा आला.

वय एकोणचाळीस, नाशिकरोडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मराठी, इंग्रजी, हिंदी, थोडं उर्दूसुद्धा, हाताला लागेल ते वाचून बसलेली बाई. अरबी मात्र नवव्या वर्षी सुटलं होतं. स्कॉलरशिपची परीक्षा आली, मग दुसरी परीक्षा आली, आणि मग कुणी विचारलंच नाही. तिनं सिपारा उघडला. लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातेवाइकांसारखी ती अक्षरं, चेहरे ओळखीचे, पण कोण कुणाचं ते काही केल्या आठवेना. आजूबाजूला ओठ भराभर हलत होते. शेजारच्या बाईनं पान उलटलं की रिदाही उलटायची. असं वीस पानं केलं आणि सिपारा उचलून पलीकडच्या टोकाला ठेवून आली.

'आज मला हात लावता येत नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुठल्याही बाईनं पुढे एक अक्षर विचारलं नसतं. पण हे तिला सुचलं तेव्हा देवळ्याहून आलेल्या जैबूनफुफीनं पदर डोक्यावर ओढून हात वर केले होते.

"या अल्लाह, हा पुरा खतम माझ्या भावाला पोचव," फुफी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

रिदानंही तळहात वर केले होते.

त्यानंतरचे दोन आठवडे तिनं कॉलेजच्या ग्रंथालयातलं मृत्यूवरचं अख्खं कपाट उपसलं. ग्रीक वाचले, जर्मन वाचले, आत्मा मानणारे वाचले आणि न मानणारेही वाचले. तत्त्वज्ञान तिनं आजवर पुस्तकाच्या पाठीवरच्या क्रमांकापुरतं हाताळलं होतं. आता वही घेऊन, पेन्सिल घेऊन, पहिल्या वर्षाच्या पोरीसारखी बसली. पुष्कळ कळलं. काही वाक्यांनी तर अंगावर काटा आला. पण तिचा स्वतःचा प्रश्न त्यात कुठे नव्हता. पलीकडे कुणी आहे की नाही, काही पोचतं की नाही, याचीच जिला खात्री नाही, तिला आपण पाठवलेल्यात एक भाग कमी होता याची एवढी टोचणी का लागावी?

तिनं शोएबला, धाकट्या भावाला, फोनवर सांगून पाहिलं.

"आपा, एवढं काय त्यात? अल्लाह नियत बघतो."

"नियतच वाईट होती ना. लाज वाटली म्हणून वाचल्यासारखं केलं मी."

"बरं मग मी वाचून टाकतो तो एकविसावा. अर्ध्या तासाचं काम. झालं समाधान?"

समाधान झालं नाही. का झालं नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

सिपाऱ्यांची पेटी गल्लीतल्या हमीदाखालाकडे असायची. कुणाकडे मयत झाली की पेटी तिच्याकडून जायची आणि तिच्याकडे परत यायची. खाला मूळची नांदगावची, नवरा रेल्वेत होता तो कधीच वारलेला. पंचाहत्तरीला टेकलेली ही बाई सकाळी गल्लीतल्या मुलींना अरबी शिकवायची आणि दुपारी दम्याचा पंप ओढत दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशा करायची.

"एकवीस नंबर पाहिजे होता," रिदा म्हणाली.

"कशाला? तुला कुठं येतं?"

"तुम्हांला कसं कळलं?"

"तुझे ओठ कुठं हालत होते त्या दिवशी? पोरींना शिकवून म्हातारी झाले मी. कोण वाचतंय अन् कोण नुसती पानं उलटतंय, पाठमोरी असले तरी कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बाप मेला होता तुझा. त्या दिवशी बोलायचं का?" खालानं पंप ओढला, श्वास आत धरला, सोडला. "मला वाटलं, येईल. लय दिवस लावलेस."

"खाला, फुफीनं पुरा खतम म्हणून दुआ मागितली. तो पुरा नव्हता."

"नव्हताच. एकोणतीस वाचून झाले, एक वाचायचा हाय. म्हणजे खतम अजून चालू हाय की." खाला अगदी साध्या आवाजात म्हणाली, चुलीवर भात आहे म्हणावं तसं. "सगळ्या बाया आपापल्या घरी गेल्या, स्वयंपाकाला लागल्या, पण वाचन तिथंच थांबलंय. तुझ्यापाशी."

पंधरा दिवस रिदा एका खोट्याकडे पाहत होती, संपून गेलेल्या, आता काही करता न येणाऱ्या. आणि ही बाई म्हणत होती की ती दुपार अजून संपलेलीच नाही. देवळ्याची फुफी, शेजारपाजारच्या बायका, त्यांचे हलणारे ओठ, सगळं कुठेतरी उघडं ठेवलेलं आहे आणि तिची वाट बघतं आहे. पुस्तकांच्या कपाटातलं एकही वाक्य तिला असं येऊन लागलं नव्हतं.

"उद्यापासून साताला ये," खाला म्हणाली. "पोरी आठाला येतात. त्यांच्यात बसलीस तर हसतील तुला."

चाळिसाव्याला, म्हणजे पुढच्या खतमला, बावीस दिवस होते. रोज एक पान ठरलं. पहिलं पान तीन दिवस चाललं.

"तोंड उघड की. कॉलेजात अशीच पुटपुटतेस काय?"

"ग्रंथालयात हळूच बोलावं लागतं, खाला."

"म्हणून बुरशी आलीय आवाजाला. हे अक्षर घशातून. घशातून म्हणजे इथून. उलटी आल्यासारखं नाय, पोरी!"

चौथ्या-पाचव्या दिवशी रिदानं विचारलंच, कारण विचारल्याशिवाय राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. "अर्थ कळत नसताना वाचून काय होतं?"

"मला काय माहीत?"

"तुम्हांला अर्थ कळतो ना?"

"थोडाथोडा. मौलवीसाहेबांनी सांगितला तेवढा. पासष्ट वर्षं वाचतेय, अजून निम्मा नाय कळला." खालानं पदरानं चष्मा पुसला. "पण एक हाय. वाचते तेवढा वेळ तोंडात माझं काही नसतं. नायतर दिवसभर सगळं माझंच. माझा दमा, माझी सून, माझं गॅसचं सिलिंडर. तेवढा वेळ तोंड रिकामं करून दुसऱ्या कुणाला तरी देते. अर्थ तू वाच की घरी जाऊन. कोण नको म्हणतंय? तुझ्याकडं पुस्तकांना काय तोटा?"

रिदा घरी जाऊन खरंच वाचायची. मराठी भाषांतर, तळटीपा, सगळं. पण सकाळच्या त्या तासाला ते उपयोगी पडत नसे. तिथे अक्षर आणि घसा एवढाच संबंध होता. काही अक्षरांवर एक लांब वळणदार खूण असते. ती आली की आवाज तितका लांबवायचा, मधे तोडायचा नाही. एका सकाळी, सातव्या की आठव्या पानावर, अशी खूण आली. रिदानं आवाज लांबवला. बाहेर तांबट आळीकडून हातोडीचे ठोके येत होते, कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, शेजारी कुकरची शिट्टी झाली. हे सगळं तिला ऐकू येत होतं, आणि तरी त्या लांबलेल्या स्वरात ती स्वतः कुठे नव्हती. एरवी डोक्यात एक बाई अखंड बोलत असते, शेरे मारते, संदर्भ देते, पुढचं वाक्य जुळवते. ती बाई गप्प होती. श्वास संपत आला, स्वर संपला, आणि ती परत आली.

"काय झालं?" खालानं विचारलं.

"काही नाही."

"तसंच होतं," खाला म्हणाली. "पुढे वाच."

आयुष्यभर रिदा शब्दांजवळ राहिली होती, आणि अर्थाच्या अलीकडे शब्दाला एवढी मोठी जागा असते हे तिला ठाऊकच नव्हतं. घरात इतकी वर्षं राहून एखाद्या सकाळी आणखी एक खोली सापडावी, तसं वाटलं.

त्याच आठवड्यात अब्बांचा विषय निघाला. इनायत शेख, बाइंडर. चार सार्वजनिक ग्रंथालयं आणि शंभर शाळांची पुस्तकं त्यांच्या हातून गेली. रिदाला वाचनाचा नाद लागला तो त्यांच्याकडे शिवायला आलेल्या पुस्तकांमुळेच. ते स्वतः काही वाचत नसत. सोळा वर्षांची असताना तिनं जरा कुत्सितपणे विचारलं होतं, 'न वाचता कसं बांधता हो अब्बा?' ते नुसते हसले होते.

"ह्या पेटीतले सगळे सिपारे त्यानंच बांधलेत," खाला सिपाऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली. "चार महिने लावले माहितीये का? सगळी गल्ली बोंब मारत होती, इनायत, पेटी कधी देतोस?"

"चार महिने? असलं काम ते आठवड्यात करायचे."

"बाकीचं करायचा. हे नाय. एकेक पान वाचल्याशिवाय दोरा घालत नव्हता. अन् वाचणं कसलं? तुझ्यापेक्षा जड जीभ. त्याचं दुकान ह्या भिंतीला लागून. मला इकडं सगळं ऐकू यायचं. अडखळला की मी इकडून वरडायची, जबर नाय रे, जेर हाय, खूण अक्षराच्या खाली हाय! की तिकडून बरोबर वाचायचा."

रिदा भिंतीकडे बघत राहिली. फिका हिरवा रंग, एक कॅलेंडर, खिळ्याला अडकवलेली पिशवी. ती तेव्हा याच गल्लीत, चार घरं पलीकडे, कुठलीशी जाड कादंबरी संपवत बसली असणार.

"घरात कधी बोलले नाहीत," ती म्हणाली.

"त्यात बोलायचं काय?"

चाळिसावा रविवारी आला. मधे दोन दिवस खालाला दम्यानं घेरलं होतं, एक दिवस रिदाला कॉलेजच्या तपासणीनं. शेवटची तीन पानं राहिली. शोएब म्हणाला, सकाळी लवकर वाचून टाक ना. पण सकाळी मंडप, भांडी, पाहुणे. आणि बघता बघता चादर अंथरली गेली, बायका जमल्या, पेटी उघडली.

जैबूनफुफीनं पुस्तिका लावून घेतल्या, पुन्हा लावल्या. "एकोणतीस भरतात. एकवीस कोठे शे?"

खाला कोपऱ्यात बसली होती. तिनं रिदाकडे पाहिलंही नाही.

"माझ्याकडे आहे," रिदा म्हणाली. मग तिनं जे होतं ते सगळं सांगितलं. जियारतीला न वाचता ठेवला. तो खतम पुरा झालेला नाही. तीन पानं राहिलीत. सांगायला अर्धं मिनिट लागलं. एवढं लांब अर्धं मिनिट तिनं कधी पाहिलं नव्हतं.

फुफीचा चेहरा लाल झाला. "आणि मी हात वर करून पुरा, पुरा म्हणत होते! भावापुढं मला खोटं पाडलंस तू! एवढी शिकली-सवरली, अन् एक सिपारा येत नाही?"

"नव्हता येत, फुफी."

"आण इकडे," दाराजवळची एक तरणी सून चटकन पुढे झाली. "तीनच पानं ना? पाच मिनिटांत वाचते मी."

"नको," रिदा म्हणाली. "मीच वाचते. वेळ लागेल."

कुणीतरी मागून कुजबुजलं, बिर्याणी गार होईल. कुणीतरी त्या बाईला गप्प केलं. रिदानं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली, कारण तिला दुसरं कसं येतच नव्हतं.

पहिल्या ओळीला दोनदा अडखळली. घशातलं अक्षर घशातून आलं नाही, ती मागे गेली, परत म्हणाली. खोलीत आधी पैंजण वाजत होते, बांगड्या वाजत होत्या, एक तान्हं कुरकुरत होतं. हळूहळू ते सगळं खाली बसलं. दुसऱ्या पानावर तिनं एक स्वर चुकवला, आणि डोळे मिटून बसलेल्या फुफीच्या तोंडून बरोबर स्वर निघाला, रागातच. रिदानं तो घेतला आणि पुढे गेली. मग तिला कळलं की फुफी एकटी नाही. सगळ्यांचे ओठ हलत होते. आवाज कुणाचाच नव्हता, पण खोलीभर बायका तिच्याबरोबर, तिच्या चालीनं, एकेक अक्षर चालत होत्या. ती थांबली की थांबत होत्या. ज्यांना हे झोपेतही म्हणता आलं असतं, त्या एका अक्षरावर तिच्यासाठी उभ्या होत्या. कुणी पुढे गेलं नाही.

तिला भीती वाटली. वाईटाची नव्हे, डोंगराच्या अगदी कडेला उभं राहून खाली पाहिल्यावर वाटते तशी. काही पोचतं की नाही, तिला अजून माहीत नव्हतं. पण हे, जे इथे या खोलीत तिच्या भोवती उभं होतं, ते इतकं मोठं होतं की त्यापुढे तो प्रश्न धरून ठेवायला तिचे हात अपुरे पडले.

शेवटचं अक्षर झालं. घड्याळात चाळीस मिनिटं उलटली होती. तिनं सिपारा मिटला, उठली, चादरीच्या पलीकडच्या टोकाला ठेवला.

फुफीनं हात वर केले. या वेळी तिला बोलता येईना. मग सगळ्यांनी आपापल्या मनात मागितलं.

हात खाली आले तेव्हा फुफीनं नाक पुसलं, पेटी पुढे ओढली आणि म्हणाली, "आता आजचा सुरू करा. एकविसावा मी वाचीन. रिदा, तू दुसरा कुठलाही घे."

"फुफी, मला अख्खा वाचायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे," फुफी म्हणाली. "आम्हांला कोठे जायचं शे?"

रिदानं पेटीत हात घातला आणि न बघता एक उचलला.