न दुमडलेला काठ

चुलीवरच्या किटलीचं झाकण थडथडलं आणि प्रार्थनेनंतरची शांतता मोडली. मीरान एजेंनी डोळे उघडले; थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो. त्यांच्या स्वयंपाकघरात शिवायला जमलेल्या आम्ही पाचही जणींनी हात चेहऱ्यावरून फिरवले, आमच्या पद्धतीने. त्यांची प्रार्थना त्यांच्या येशूची, शेवट आमचा. इतक्या वर्षांत त्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

मग त्यांनी कपाटातून एक निळसर ब्लाऊज काढला. धुऊन धुऊन मऊ झालेला. कोरियात वारलेल्या त्यांच्या आईचा. दर हिवाळ्यात तो उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवायचं काम माझं. माझ्याखेरीज कुणी त्याला हात लावत नसे.

एजेंनी कात्री घेतली आणि पाठीच्या मधोमध चालवली.

"एजे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कानिशायच्या बाळाला," त्या हसून म्हणाल्या. "पहिला सदरा. तिने मागितला."

पलीकडच्या मशिनीवर आठ महिन्यांचं पोट सांभाळत बसलेली कानिशाय लाजली. "एजेंची आई एक्क्याण्णव वर्षं जगली ना, बुरुल एजे. म्हटलं, तेवढं आयुष्य माझ्या बाळाला लागू दे."

तसंच करतात आमच्याकडे. पहिला सदरा दीर्घायुषी माणसाच्या कपड्यातला. चार महिन्यांपूर्वी माझा तिलेक झाला तेव्हा एजे दुकानातली दुलई घेऊन आल्या होत्या. चांगली जाड दुलई. मी काही मागितलं नव्हतं, हे खरं. पण सहा वर्षं जिच्या घरी आपण चहा ओततो तिच्याकडे मागायचं असतं का?

या स्वयंपाकघरात आलेली पहिली बाई मी. तेव्हा माझी लेक सेझिम रांगत होती आणि एजेंना आमच्या भाषेत 'दोरा' म्हणता येत नव्हतं. त्यांनी मला बाही बसवायला शिकवलं, मी त्यांना बोलायला. प्रत्येकीला त्यांनी आठवड्यातला एक दिवस दिलेला. शिवण नाही, नुसतं बसायचं, मनातलं बोलायचं. गुरुवार माझा. नवरा रशियात कामाला गेला आणि सहा महिने त्याचा फोन आला नाही, ते मी आईलाही सांगितलं नव्हतं. गुरुवारी सांगितलं.

शरद ऋतूत कानिशाय आली. एजे म्हणाल्या, "बुरुल, तू आता पक्की झालीस. गुरुवार हिला देऊ या."

पक्की! दुहेरी टीप मारलेल्या शिवणीसारखी. मी "हो, एजे" म्हणाले आणि घरी जाऊन सेझिमला उगाच एक धपाटा दिला.

कानिशायला कळा सुरू झाल्या त्याच दिवशी सदरा पुरा झाला. एजेंनी तो माझ्यासमोर धरला. "बघ बरं. काही चुकलंय?"

चारही काठ आत दुमडलेले. बारीक, एकसारखी तुरपाई. एक टाका वर दिसेल तर शपथ. मुंगीच्या पावलांनी शिवल्यासारखी. आणि पहिल्या सदऱ्याचा काठ कधी दुमडत नाहीत. तो मोकळाच सोडतात, सुटे धागे लोंबत. काठ मिटला की आयुष्याची वाट मिटली, हे आमच्या गावात पोरीबाळींनाही ठाऊक.

सेझिमने तोंड उघडलं. "पण आई, हा तर..."

"जा, तिलेक उठलाय का बघ."

"नाही उठला."

"जा म्हणते ना!"

ती गेली. मी सदरा उलटासुलटा केला. एजेंच्या आईचा ब्लाऊज माझ्या बोटांखाली इतका मऊ लागत होता!

"सुंदर झालाय, एजे," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही कानिशायच्या घरी गेलो. तळलेल्या बोरसोकांनी, कणकेच्या फुगलेल्या तुकड्यांनी, मेज भरलेलं. तिच्या सासूने, उरुमकान आपांनी, सदरा कौतुकाने हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि थांबल्या.

"हे काय? काठ बांधून टाकला?"

पलंगावर बाळाला पाजत असलेली कानिशाय पांढरी पडली.

"आपल्यात पहिला सदरा आधी कुत्र्याच्या गळ्यात घालतात, मग बाळाला," आपा म्हणाल्या. "हा कुत्र्याच्याच अंगावर राहू दे आता! त्यालाही नको, बिचारा म्हातारा व्हायचाय अजून. ही बाई परकी, तिला काय कळणार? पण तिच्याकडे आपल्या बायका बसतात ना? एकीची जीभ हलली नाही?"

आपा भरभर बोलतात, दात नसलेल्या तोंडाने. एजेंना समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमी पाहतात तसं. गावातलं बोलणं त्यांना मीच उलगडून सांगते, तिखट शब्द गाळून. त्या दिवशी एकही गाळला नाही. कुत्र्यासकट सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

एजेंनी सदरा परत घेतला आणि छातीशी धरला. "मला माफ करा," एवढंच त्या आमच्या भाषेत म्हणाल्या. उच्चार चुकला नाही. तो मीच घोटून घेतला होता.

"मी सांगायला हवं होतं, आपा, माझीच चूक," कानिशाय रडत म्हणाली.

"तू गप्प. तिथे पाय ठेवायचा नाही यापुढे."

पुढच्या बुधवारी एजेंचा निरोप आला: उद्या ये. गुरुवार!

सकाळी मी केस धुतले. तिलेकला पाठीशी बांधलं, सेझिमला बरोबर घेतलं, साईचं भांडं घेतलं. वाटेत मी गुणगुणत होते बहुतेक, कारण सेझिम म्हणाली, "आई, आज कुणाचं लग्न आहे?"

एजे खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर तो सदरा, हातात सुई. एकेक टाका उसवत होत्या, कापड फाटू नये म्हणून श्वास रोखून. दोन काठ मोकळे झाले होते.

"एका आईचा कपडा, दुसऱ्या आईला त्याची भीती नको," त्या म्हणाल्या. "तू आपांकडे नेऊन देशील? माझ्या हातून घेणार नाहीत." मग हलकेच, "त्या दिवशी तुला घाईत दाखवला मी. तुझं लक्ष तिलेककडे होतं. नाही?"

वाट त्यांनीच काढून दिली होती. मला फक्त चालायचं होतं.

"हो, एजे. लक्षच नव्हतं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा सुई उचलली. सेझिम त्यांच्या गुडघ्याला टेकून सुटणारे धागे बोटाभोवती गुंडाळत होती.

"माझा सदरापण असाच आहे, पेटीत," ती त्यांना सांगू लागली. "आईने दाखवला होता. काठ सुटे का ठेवतात, तेपण सांगितलं होतं."

एजेंची सुई थांबली.

सेझिमने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आई, त्या दिवशी तिलेक उठला नव्हता. मग तू मला बाहेर का पाठवलंस?"