पाठमोरी माफी

मित्रांनो, मी एक म्हातारा माइक. अमेरिकेतल्या एका राज्याच्या राजधानीत, न्यायाधीशांच्या नेमणुका तपासणाऱ्या सिनेट समितीच्या दालनात माझं उभं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा माझ्या आवाजाचं कोण कौतुक! पुढे मान लुळी पडली, तर कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळली. त्यावरच भागतंय.

माझ्यासमोर बसणाऱ्या उमेदवाराचं तोंड समितीकडे आणि पाठ लोकांकडे असते. ही इथली रीतच आहे.

रोझलिंड हॅवरकॅम्प या न्यायाधीशबाईंचं नाव गव्हर्नरनं वरच्या न्यायालयासाठी सुचवलं होतं. पूर्वी त्यांनी लेमार प्रुइट नावाच्या पोराला तुरुंगात धाडलं होतं. तो निर्दोष निघाला, पण तोवर त्याची उमेदीची वर्षं गेली. सुनावणीला त्याची आई मागे येऊन बसली होती. समितीनं त्याबद्दल विचारलं तेव्हा ‘मी कायद्याप्रमाणे वागले,’ एवढंच बाई माझ्यात बोलल्या. मग मागे वळून पुटपुटल्या, ‘माझं चुकलं हो, प्रुइटबाई.’ अध्यक्षांनी लगेच हटकलं, तोंड इकडे करा म्हणून.

ते वाक्य मला ऐकू आलं, पण पुढे पोचवायचं बळ माझ्यात नव्हतं. दालनभर पहिलंच वाक्य घुमलं. बाईंना काळीजच नाही, असं लोक म्हणाले आणि नेमणूक वर्षभर लोंबकळली. ते माझं पाप, असं मला रोज वाटायचं.

पुन्हा जाहीर सुनावणी घ्यावी का, यावर समितीत जुंपली. अध्यक्ष गिलिस म्हणाले, ‘एकदा सोलून काढलंय त्यांना. आता आत बसून मिटवू.’

‘आत मिटवा, आणि बाहेर लोक आपल्या तोंडात शेण घालतील, गिलिससाहेब,’ समितीतल्या ब्रॅडॉकबाई म्हणाल्या.

शेवटी हॅवरकॅम्पबाईंनीच कळवलं, बोलायचं ते सगळ्यांदेखत बोलेन.

दुसऱ्या सुनावणीच्या दिवशी त्यांनी मला जवळ ओढलं आणि खुर्ची सरळ लोकांकडे फिरवली. ‘प्रुइटबाई, लेमारच्या बाबतीत माझं चुकलं. पुरावा मी नीट पाहिला नाही.’

शब्द न् शब्द दालनभर गेला. दोन सदस्यांनी तिथल्या तिथे पाठिंबा काढला आणि नेमणूक बुडाली. बाई मात्र शांत होत्या. मलाही हलकं वाटलं, पण घटकाभरच.

कारण प्रुइटबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. काय बोलल्या ते कोणालाच ऐकू आलं नाही. तिकडे माइक नव्हता, आणि माझी वायर टेबलापुरतीच. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

मित्रांनो, माझी मान दुरुस्त नाही केलीत तरी चालेल. तेवढी माझी वायर थोडी लांब करा.