गाळलेलं जेवण

प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणं वाफेच्या यंत्रात घालून जंतुमुक्त करणं, हे तिचं काम. अठरा वर्षांत तिच्या हातून एक जंतू सुटला नव्हता. सगळे तिला 'वाफवाली' म्हणत, आणि तीही त्या नावाने मनातून फुलून जाई.

लेक मोठ्या आजारातून उठली तेव्हा या बाईने घराचीही प्रयोगशाळा करून टाकली. भाजी सोलायची, दोनदा उकळायची, फडक्यातून गाळायची.

"आई, माझे दात काय शोभेला आहेत?" लेक कुरकुरायची.

"गप पी. पोटाला आराम हवा."

दोन महिन्यांत लेक वाळून काटकी झाली. सांधे सुजले, शौचातून रक्त पडू लागलं. एका दुपारी लेकीच्या पोटावर डोकं टेकवलं असताना वाफवालीला आतून आवाज आला. भुकेची गुरगुर नव्हती ती. कुणीतरी सावकाश भिंत खरवडत होतं. दुसऱ्या दिवसापासून बाई भाजी तीनदा उकळू लागली!

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. उंदरांच्या आतड्याचे दोन काप होते. एकाला आतून बुळबुळीत, जाड अस्तर होतं. दुसऱ्याचं झिजून पार झिरझिरीत झालेलं, आणि जंतू थेट मांसाला भिडलेले.

"याला काय झालं?"

"याला चोथा नसलेलं खाणं दिलं. आतड्यातले जंतू चोथ्यावर जगतात. तो मिळाला नाही की अस्तर खातात. मग अंगातल्या रखवालदार पेशी बिथरतात आणि घरच्यांनाच मारत सुटतात."

"पण खाणं तर मी स्वच्छ करून देते हो."

"स्वच्छच होतं गं. आतले जंतू उपाशी होते."

दोन महिने वाफवालीने त्या जंतूंच्या पंगतीत आपली लेकच वाढली होती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी धावली. गाजर सालासकट, घेवडा शिरांसकट शिजवला. गाळायचं फडकं केराच्या डब्यात गेलं. लेकीने वाटी चाटूनपुसून संपवली, आणि आई पोटाला कान लावून बसली. खरवड चालूच होती. उन्हं कलली तेव्हा कुठे खरवड थांबली. मग आत काहीतरी निवांत चघळू लागलं.

"काय ऐकतेस एवढं?" लेकीने विचारलं.

"जेवतायत," ती कुजबुजली, आणि त्यांचं संपायच्या आत दुसरं पातेलं चढवायला उठली.