आखातात गेलेली घोंगडी

मित्रांनो, मी जतच्या माळावरची एक जुनी घोंगडी आहे. माझ्या अंगाचा खारट वास अजून गेलेला नाही, म्हणून जरा लांब बसलात तरी मला राग नाही.

अंबूबाईच्या मेंढरांची लोकर घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या मागावर चढली, चिंचोक्याची खळ लागली आणि मी जन्मले. माळावर माझा मान मोठा. लांडगा दिसला की मेंढपाळ टेकावर चढून मला हवेत फिरवायचा, आणि आसपासची माणसे काठ्या घेऊन धावत यायची. मेंढरं कुणाची, हे कुणी विचारत नसे.

अंबूबाईचा मुलगा बिराप्पा तेलवाहू जहाजावर खलाशी झाला, तेव्हा तिने मला त्याच्या बोचक्यात कोंबले.

"समुद्रावर कसली थंडी, आये?" तो हसला. पण एक्क्याण्णव साली आखातात युद्ध पेटले, वारा बोचू लागला आणि मी त्याच्या खांद्यावर आले.

तिथे पाण्यात सुरुंग तरंगत होते. एका बड्या देशाची युद्धनौका आपल्या झेंड्याच्या जहाजांना वाट काढून देत पुढे चालली होती. आमच्या कप्तानाने वायरलेसवर विनवले, "आम्हालाही मागून येऊ द्या."

"झेंडा कोणता?" एवढेच विचारले गेले. मालकाने कर वाचवायला कुठल्याशा चिमुकल्या देशाचा झेंडा लावला होता. नकार आला. आमच्या पोटातले तेल सगळ्यांना हवे होते, आम्ही कुणालाच नको होतो.

बिराप्पाची नजर मेंढपाळाची, म्हणून त्याला जहाजाच्या पुढच्या टोकाला पहाऱ्यावर उभे केले. भर दुपारी त्याला लाटेत काळा गोळा दिसला. तो ओरडला, पण वाऱ्यात आवाज विरला. मग त्याने मला काढले आणि माळावर फिरवतात तसे फिरवले. कप्तानाने पाहिले, जहाज वळू लागले. हाकेच्या अंतरावरची युद्धनौका तशीच पुढे गेली.

"बिरा, माघारी फिर रं!" पाटणचा मिलिंद, त्याचा जोडीदार, मागून ओरडला.

"अजून पुरतं वळलं न्हाई, गड्या."

स्फोट झाला. जहाज वाचले, मिलिंद वाचला. मी कठड्याला अडकलेली सापडले. बिराप्पा सापडलाच नाही.

मिलिंदने मला माळावर आणून दिले. अंबूबाईने सगळे ऐकून घेतले.

"जवळ दुसरं कुणी नव्हतं व्हय?"

"हुतं, मावशी. लय मोठं जहाज हुतं."

"त्यास्नी घोंगडी दिसली न्हाई?"

"दिसली आसंल. पर त्यांनी आदी झेंडा इचारला हुता."

अंबूबाई माझ्यावरून हात फिरवत राहिली. "आमी न्हाई कवा इचारला," ती म्हणाली.

मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल. पण कुणी टेकावरून घोंगडी फिरवताना दिसले, तर आधी धावा. झेंडा मागाहून विचारा.