लाल मुंग्यांची जागा

सेक्टर दोनमधल्या विदर्भाकडच्या मंडळींची एक रीत होती. पौषातली थंडी अंगात चांगली मुरली की एका शनिवारी सगळ्यांनी पोराबाळांसकट भिलाईबाहेर पडायचं, नदीकाठी तंबू ठोकायचे, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी नि वरण ओरपायचं आणि शेकोटीपाशी गप्पा हाणत रात्र काढून रविवारी घरी परतायचं. भंडारा-गोंदियाकडची शेतं सोडून पोलादाच्या कारखान्यात आलेली माणसं ती. वर्षातून एक रात्र तरी मातीवर पाठ टेकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुलं आता याला कॅम्पिंग म्हणतात. म्हणोत बापडी. रोडग्याला बाटी म्हटलं तरी तो भाजावा लागतोच.

या मुक्कामाची जागा बघायचं काम सुखरामजींकडे असे. ते कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, नोकरीला होते. महिनाभर आधी वीकली ऑफच्या दिवशी ते स्कूटर काढत आणि गुंडरदेहीच्या बाजूला निघत. गाव तसं लहानच, पण त्याच्या आजूबाजूला तांदुळा नदी अशी वळणं घेत जाते की तंबूवाल्यानं कुठं थांबावं तेच कळू नये. लोक मुलगी बघायला जातात, तसे सुखरामजी जागा बघायला जात. पाणी बघत, सावली बघत, शेजारपाजार बघत आणि शेवटी तोंडावर गमछा घेऊन त्या जमिनीवर चक्क आडवे होत.

“जागा डोयानं नाई पाहा लागत,” ते म्हणत. “पाठीले विचारा लागते.”

संध्याकाळी घरी आले की चहा पिताना सगळा अहवाल सांगत. ऐकायला बायको सिंधुताई आणि शेजारचे मित्र नरहरी. अमक्या जागेला पाणी दूर, तमक्या जागेशेजारी दारूभट्टी. आणि दरवर्षी, न चुकता, शेवटी एक वाक्य येई.

“पुलाच्या पल्याड, वळणावरची जागा लई चांगली हाय. पन लाल मुंग्या हायेत.”

“अबे, मंग दरसाल कावून जातं तिथं?” नरहरी हसत.

“गेल्या असन म्हनून पाह्यतो.”

सिंधुताई या सगळ्या जागांवर राहून आल्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या सगळ्या सारख्याच वाटत. लांब खोदलेला चर, त्यात धुमसणाऱ्या गोवऱ्या, पिठाची परात आणि डोळ्यांत धूर. हाताखाली बायका असत, नाही असं नाही. पण रोडगे सिंधुताईंच्याच हातचे हवेत असा सगळ्यांचा लाडिक हट्ट. कौतुकासारखी दुसरी बेडी नाही. घालणाऱ्याला पुण्य आणि घालून घेणारीला पळता येत नाही. पुरुष नदीत डुंबत, पोरं वाळूत लोळत, आणि सिंधुताईंना नदी दिसे ती भांडी घासायला गेल्यावर.

एका वर्षी परत येताना, मेटाडोरमध्ये सुखरामजींनी त्यांचा भाजलेला हात हातात घेतला. चारचौघांत असं काही करणारा तो माणूस नव्हता.

“मी बी आगीपाशी, तू बी आगीपाशी,” ते हळूच म्हणाले. “मले निदान वीकली ऑफ भेटते. रिटायर झालो का तुले एका जागी नेतो. मी पाहून ठेवली हाय. फक्त दोघं. चर खोदाची गरज नाई. तीन दगड, एक गंज, दोन कप. चहा मी करन, तू नदी पाह्य.”

“कुठं हाय ती?”

“आता सांगतलं तं मग मजा काय?”

पुढं ते रिटायर झाले. सेक्टर दोनचं क्वार्टर सुटलं, दोघं वैशाली नगरातल्या स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आली. सिंधुताईंनी दोनदा आठवण केली. “थंडी पडू दे,” ते म्हणाले. थंडी तिच्या वेळेला पडलीच. पण सुखरामजी त्याआधी, भादव्यातच, झोपेत गेले. जागा कुठली ते सांगायचं राहूनच गेलं.

दोन हिवाळे मुक्कामाचं कोणी नाव काढलं नाही. या पौषात मात्र नरहरी घरी आले. सगळ्यांना पुन्हा जायचं होतं, फक्त जागा कोणी बघावी हा प्रश्न होता.

“मी पाह्यते,” सिंधुताई म्हणाल्या.

नरहरींचा चहा बशीतच राहिला. “वयनी, तुमाले कसं जमन?”

“चाळीस मानसाईचा सैंपाक जमते, जागा नाई जमनार?”

नरहरी हो म्हणाले. सिंधुताईंना मंडळींच्या मुक्कामाची काळजी होती, पण तेवढीच. खरा जीव अडकला होता तो त्या दुसऱ्या जागेत. ती सापडायला हवी होती. नवऱ्यानं आपल्यासाठी म्हणून निवडलेली एक जागा या जगात आहे आणि आपण ती न बघताच मरणार, हा विचार त्यांना दोन वर्षं गिळवत नव्हता.

मुलगी मोना गल्लीपलीकडेच राहायची, शाळेत शिकवायची. शनिवारी सकाळी ती कार घेऊन आली. आईनं पिशवीत चहाचं छोटं पातेलं, म्हणजे गंज, साखर, चहापत्ती, दुधाची बाटली आणि दोन कप भरलेले बघून ती हसायला लागली.

“आई, चाय तो पूरे रास्ते मिलती है.”

“मिलू दे. पिशवी राहू दे.” वर बाबांचा गमछाही होता. तो कशाला, हे मोनानं विचारलं नाही.

पहिली जागा एका बंधाऱ्यापाशी. सुखरामजींच्या वेळी तिथं बगळे असत. आता एक टोळकं डीजे लावून नाचत होतं. सिंधुताईंनी पदर खोचला आणि रीतसर जमिनीवर आडव्या झाल्या. मोनानं चारी बाजूंना बघितलं आणि आपण या बाईंना ओळखत नाही असा चेहरा केला. पाठीनं काय सांगायचं? खालून नुसतं धबधब, धबधब. सिंधुताई उठून बसल्या.

दुसरी जागा नवी होती. रंगीत तंबू ओळीनं उभे, आत पलंग, बाहेर दिव्यांच्या माळा आणि खाली हिरवं प्लास्टिकचं गवत. मोना हरखून गेली. “आई, अटॅच्ड बाथरूम! बस, यही फायनल कर.”

“बाथरूम घरी बी हाय,” सिंधुताई म्हणाल्या. “इथं तं मातीच नाई.”

तिसरी आमराई. जमीन सपाट, विहीर जवळ, सावली गर्द, मालक भला माणूस. सिंधुताई आडव्या झाल्या आणि पाठीनं लगेच होकार दिला. चाळीस माणसं ऐसपैस मावतील, चर खोदायला मोकळी जागा, पोरांना झोके बांधायला फांद्या. मंडळींचं काम झालं. पण ही त्यांची जागा नव्हती. इथं नदीच नव्हती. ‘तू नदी पाह्य’ असं म्हणणारा माणूस विहिरीपाशी कशाला आणील?

त्या गाडीत येऊन बसल्या. गुंडरदेहीच्या बसस्टँडपाशी मोनानं गाडी थांबवून भजी घेतली. आईचा उतरलेला चेहरा तिला कळत होता, कारण मात्र कळत नव्हतं. तेव्हा सिंधुताईंनी तिला सगळं सांगितलं. मेटाडोर, भाजलेला हात, तीन दगड, दोन कप. मोनाच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

“बाबा असं बोलले?” ती मराठीत म्हणाली. आश्चर्य फार झालं की ती मराठीत येई. “मग कुठली असेल? जिथं कॅम्प झाला नाही अशीच ना?”

“सगयी पाहून झाली. एक ते मुंग्याईचीच राह्यली.”

“पर वहाँ तो चींटियाँ...”

सिंधुताईंच्या डोळ्यांसमोर सुखरामजींची पाठ आली होती. आगीपाशी राबून काळवंडलेली, रुंद. जागा बघून आल्यावर रात्री त्या पाठीला खोबरेल चोळायचं काम त्यांचंच असे. कधी बोराट्यांचे ओरखडे असत, कधी कुसळं रुतलेली असत. पण ज्या माणसानं दरवर्षी लाल मुंग्यांच्या जागेवर अंग टाकलं, त्याच्या पाठीवर इतक्या वर्षांत मुंगी चावल्याची एक गांधी त्यांनी पाहिली नव्हती. एक नाही!

“मोना,” त्या म्हणाल्या, “गाडी काढ.”

पूल ओलांडला, नदीच्या कडेनं कच्ची वाट धरली, पुढं वाट संपली तिथून पायीच उतारानं दोघी खाली आल्या. वळणावर अर्जुनाची दोन मोठी झाडं होती. त्यांच्याखाली स्वच्छ, कोरडी जमीन आणि समोर नदी. थंडीतलं पाणी संथ, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. पलीकडच्या काठावर लाखोळीची हिरवी शेतं. सिंधुताई नवी नवरी उंबऱ्यापाशी थबकावी तशा थबकल्या.

एका झाडाच्या बुंध्याशी तीन दगड होते. दोन पावसाळ्यांत थोडे खचलेले, पण एकमेकांकडे तोंड करून नीट मांडलेले. त्यांच्यावर काजळी नव्हती. मांडून ठेवलेली, कधीच न पेटवलेली चूल होती ती. एवढी लहान की तिच्यावर चहाचं गंजच बसावं.

शेजारी एक म्हातारी शेळ्या चारत होती. सिंधुताईंनी तिला हाक मारली आणि हिंदीत विचारलं, इथं लाल मुंग्या आहेत का?

“माटा?” म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. “इहां कहां के माटा, दाई! भिलाई वाले एक झन कका तो इहें गमछा ओढ़ के सुतय. हर बछर आवय.” मुंग्या कधी नव्हत्याच, भिलाईचा एक काका दरवर्षी इथं गमछा पांघरून झोपायचा, असं ती सांगत होती. मग म्हणाली, “अब नइ आवय.”

“नाई,” सिंधुताई म्हणाल्या. “आता नाई येत.”

म्हातारी शेळ्यांमागं निघून गेली. सिंधुताई त्या दगडांपाशी खाली बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. राग तर त्याहून जास्त आला. बाप्पा, तोंडानं सांगाले काय झालं होतं? वर्षानुवर्षं मंडळींना मुंग्या मुंग्या सांगत बसले आणि जिच्यासाठी राखली तिला पण मुंग्याच सांगितल्या! जागा मिळाली. पाणी होतं, सावली होती, दगड जागच्या जागी होते. फक्त चहा करणारा नव्हता, आणि त्याच्याशिवाय या जागेचं काय करायचं ते सिंधुताईंना कळेना. त्यांना तो माणूस हवा होता. अर्धा तास मिळाला असता तरी चाललं असतं.

मोनानं त्यांना मन भरून रडू दिलं. मग काही न विचारता ती काटक्या गोळा करून आली. सिंधुताई सवयीनं उठायला लागल्या तशी तिनं त्यांचा खांदा धरून परत बसवलं.

“चहा मी करते. तू नदी बघ.”

सिंधुताईंनी पिशवीतला गमछा काढला. जमिनीवर हलकेच आडव्या झाल्या, पाय लांब केले. माती खाली गार आणि मऊ होती. वर पानांतून ऊन हलत होतं, मागं काटक्या चटचटत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा चूल त्यांच्या पाठीमागं पेटली होती. पाठीला काही विचारायची गरज नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. नरहरी होते. मोना तो उचलून आईला देता देताच उत्साहानं कुजबुजली, “आई, अंकलला सांग ना! आमराई-वामराई छोड़, सबको यहीं लाते हैं. बाबांची जागा है.”

सिंधुताईंनी फोन कानाला लावला. त्यांच्या डोळ्यांसमोर मेटाडोर वर येऊन थांबली, पोरं ओरडत उतारावरून खाली आली, फावडं निघालं, आणि या तीन दगडांच्या जागी लांबलचक चर खोदला गेला.

“हां वयनी,” नरहरी विचारत होते, “भेटली का जागा?”

“भेटली भाऊ. आमराई हाय, विहीर हाय, सगये मावते. मालकासंग बोलली मी. पक्की समजा.”

“वा! आन् ते पुलापल्याडची? वळनावरची? तेबी पाह्यली का?”

सिंधुताईंनी नदीकडे बघितलं.

“पाह्यली,” त्या म्हणाल्या. “जागा लई चांगली हाय. पन लाल मुंग्या हायेत.”

पलीकडून नरहरींनी हळूच विचारलं, “अजून हायेत?”

“अजून हायेत भाऊ. मी दरसाल येऊन पाह्यत जाईन. गेल्या तं सांगीन तुमाले.”

त्यांनी फोन बाजूला ठेवला. गंजातलं पाणी उकळायला लागलं होतं. मोना चुलीपाशी उकिडवी बसून आईकडे बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि दोन्ही कप नदीच्या पाण्यात विसळून आणले. सिंधुताईंनी गमछा तोंडावर ओढून घेतला. धुतल्यामुळं त्याला आता सुखरामजींचा वास येत नव्हता, पण त्या तशाच पडून राहिल्या, चहा होईपर्यंत.