पूतनेची मडकी

"छाती मोठी पाह्यजे, डोमा! मागच्या साली लोक म्हनत होते, हे राक्षसीन हाय का शाळेतली मास्तरीन?"

भगवंतराव अंगणातल्या खाटेवर बसून बोलले आणि त्यांच्यासोबतची चारसहा माणसं खदाखदा हसली. डोमाजी कुंभारही हसला. पेठेच्या पंचांनी विनोद केला आणि कुंभार हसला नाही, असं अकोल्यात एकोणसाठ साली तरी होत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्या पेठेत पूतना फोडायची रीत होती. पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा दोन पुरुष उंच सांगाडा, त्यावर गवत, गवतावर माती. गळ्यातून शिंक्यात टांगलेली दोन मोठी मडकी, आत गेरूचं लाल पाणी, वरून चोळीचं फडकं. काठी बसली की मडकं फुटायचं, लाल ओघळ पोटावरून खाली यायचा आणि पेठ बेभान व्हायची. पहिली काठी जावयाची. ज्या साली पेठेचा जावई पोळ्याला आला असेल, त्या साली मान त्याचा.

"औंदा तुहाच जवाई येऊन राहिला म्हनतात," भगवंतराव उठता उठता म्हणाले. "नशीबवान हायेस लेका!"

डोमाजीची मान ताठ झाली. त्याचा जावई सहदेव नांदगाव खंडेश्वरला वीटभट्टीवर मुकादम होता. मैना, डोमाजीची एकुलती एक, बावीस वर्षांची लेक, दोन महिन्यांपासून माहेरी होती. न सांगता, एकटी आली होती. काहून आली, विचारलं तर म्हणायची, "करमत नाई तिकडं." आता करीच्या दुसऱ्या दिवशी सहदेव तिला घेऊन जाणार होता. तिचं लुगड्याचं गाठोडं केशरबाईनं, तिच्या आईनं, बांधूनसुद्धा ठेवलं होतं.

मैनाच्या हाताला लहानपणापासून गुण होता. बाईनं चाकाला शिवायचं नाही, ही कुंभारवाड्याची रीत. पण पूतनेचं तोंड, दात, नखं मैनाच करायची. या साली मात्र ती तोंडापाशी थांबली नाही. डोमाजी बाजारातून आला तेव्हा पोरगी शिडीवर उभी होती आणि तिनं पूतनेला अख्खं अंग दिलं होतं. पोटाला वळ्या, ओटीवर बाळंतिणीच्या रेघा, दुधानं ओथंबून खाली ओढलेली छाती. डाव्या बाजूला बोटाएवढी तीन भोकं.

"हे काय व पोरी? राक्षसिनीले असं अंग असते काय?"

"कसं असते मग? तुमी पाह्यली?" मैनानं मागे वळूनही पाहिलं नाही. "पाजाले आली होती ना ते? मंग बाईसारखीच असंल."

"आन् हे भोकं? माती नीट बसली नाई. बुजव."

"राहू द्या, बाबा."

"अवं, मडके लटकवाचे हायेत त्याच्यावर! कोन पाहते आतमंदी?"

मैना शिडीवरून उतरली. "नका लटकवू," ती म्हणाली. तिचा आवाज असा काही लागला की डोमाजी क्षणभर चपापला. पण पेठेचा मान होता, जावयाचा मान होता. त्यानं स्वतःच्या हातानं शिंकी बांधली, मडकी टांगली, फडकं ओढलं. देवा रे, आपल्या हातानंच झाकलं त्यानं सगळं!

करीच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. डफडी तडातडा वाजत होती. सहदेव नवा फेटा बांधून, ओठांत विडी धरून पुढे आला. भगवंतरावांनी त्याच्या हातात तेल पाजलेली काठी दिली.

"हान जवाईबुवा! दाखव पेठेले!"

पहिल्याच फटक्यात डावं मडकं फुटलं. लाल पाणी उडालं, लोक किंचाळले, फडकं फाटून लोंबलं. आणि मागची मैनाची माती उघडी पडली. तिन्ही भोकांत तांबडं पाणी साचलं होतं.

सहदेवानं ती पाहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ओठांतली विडी त्यानं घाईघाईनं काढली, जळत्या टोकाकडे एकदा पाहिलं आणि भिरकावून दिली. मग जो सुटला! उजव्या मडक्याकडे ढुंकूनही पाहिना. त्या तीन भोकांवरच काठी, पुन्हा काठी, दात खाऊन, शिव्या देत. लोकांना वाटलं, काय रंगलाय जावई! त्यांनी त्याला आणखी चेव आणला.

डोमाजीनं लेकीकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. प्रत्येक फटक्याला तिचा हात पदराखाली, डाव्या बाजूला, घट्ट आवळला जात होता. शेजारी केशरबाईनं डोळे मिटून घेतले होते.

मडकं भाजलं की कच्चं राहिलं, ते कुंभार नुसत्या आवाजावरून ओळखतो. आणि हे दोन महिने घरात असून या बाप्याला कळलं नव्हतं. डोमाजीला स्वतःचीच किळस आली.

तो पुढे धावला. सहदेवाच्या हातातली काठी त्यानं हिसकली आणि पहिला घाव त्याच्या तोंडावर घातला. नवा फेटा उडाला. दुसऱ्या घावाला दात पडले. "विडी विझवतं? माह्या पोरीच्या आंगावर विडी विझवतं, हरामखोरा?" तिसरा घाव त्यानं खांद्यावर घातला आणि हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या माणसांनी ऐकला.

चौथा घाव घालायला लोकांनी वाव दिला नाही. करीच्या दिवशी जावयाला मारलं! पूतनेसाठी आणलेल्या सगळ्या काठ्या डोमाजीवर पडल्या. डोकं फुटलं, बरगडी गेली. तो आडवा पडला, तरी काठी सोडेना, म्हणून कोणीतरी उजव्या हातावरच धोंडा घातला. बोटांचा चुरा झाला. मैना ओरडत येऊन अंगावर पडली तेव्हा कुठे मारणारे हात थांबले.

भगवंतराव धापा टाकत होते. "माफी माग, डोमा! जवायाचे पाय धर, आन् पोरगी उद्याच्या उद्या धाड!"

डोमाजीनं रक्ताची गुळणी थुंकली. "नाई धाडत."

"डोमा!"

"आयकू आलं नाई का? नाई धाडत!"

अमरावतीला, इर्विनच्या दवाखान्यात सव्वा महिना काढून, उजव्या हाताचं लाकूड होऊन तो घरी आला. दारातच त्यानं केशरबाईला विचारलं, "तुले ठाव होतं?"

केशरबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "म्या म्हटलं, नवरा हाय, सुधरन..." तिला बोल लावायला डोमाजीला स्वतःला तरी कुठे तोंड होतं? त्यानं कोपऱ्यातलं लुगड्याचं गाठोडं पुढ्यात ओढलं आणि डाव्या हातानं, दातांनी, खूप वेळ खटपट करून त्याची गाठ सोडली.

पेठेनं त्याच्याकडून मडकी घेणं बंद केलं. पुढच्या पोळ्याला पूतना दुसऱ्या कुंभाराकडे गेली. करीच्या दिवशी चौकातून डफडी ऐकू येऊ लागली तेव्हा डोमाजी वर्षभर थांबलेल्या चाकापाशी बसला होता. मैना माती तुडवत होती.

"ये," तो म्हणाला. "बस चाकावर."

"बाबा, लोक..."

"बस म्हनतो ना!"

तिनं पदर खोचला, काठीनं चाक फिरवलं. डोमाजी शेजारून सांगत होता: अंगठा आत, दाब कमी, आता वर ओढ. चौकात मडकं फुटलं, आरोळी उठली. मैनाचा अंगठा जास्त दाबला गेला आणि मातीचा काठ एका बाजूला कलला.

"वाकडं झालं, बाबा."

डोमाजीनं आपला मोडका हात पोटाशी धरून ते नीट पाहिलं.

"होऊ दे," तो म्हणाला. "उतरव. उन्हात ठेव."